टेम्पोत बाईक पाठवताय? मग ती बांधायची कशी ते आधी नीट समजून घ्या

बदली झाली, कॉलेज संपलं, गावी गाडी पाठवायचीय नाहीतर वाटेत इंजिन बसलं, कारण काहीही असो, आपल्याकडे बाईक टेम्पोत टाकायची पद्धत ठरलेली. तिघा-चौघांनी उचलायची, साइड स्टँडवर उभी करायची, हँडलला आणि मागच्या ग्रॅब रेलला नायलॉनची दोरी गुंडाळायची, ड्रायव्हर म्हणतो "काही होत नाही ओ, रोजचंच आहे" आणि निघायचं. बऱ्याचदा खरंच काही होत नाही. पण जेव्हा होतं तेव्हा टाकीला पोचा, क्लच लिव्हर तुटलेला, हँडल वाकडं, आणि स्टँड ज्या कानाला बोल्ट केलेला असतो तो कानच फ्रेमपासून फाटलेला. आणि हे सगळं अर्ध्या तासाच्या नीट कामाने टळण्यासारखं असतं म्हणून एवढं लांबण लावून लिहितोय.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो. गाडी स्टँडवर उभी करून बांधायची नाही. दोन्ही स्टँड वर, गाडी दोन चाकांवर सरळ उभी, आणि चारही बाजूंनी खाली ओढणारे पट्टे. कुठल्याही साइजचा टेम्पो असो, हे बदलत नाही.

साइड स्टँड का नको ते बघा. त्यावर गाडी डावीकडे कललेली असते. गतिरोधकावरून हौदा वर उडून खाली येतो तेव्हा सगळं वजन त्या बोटभर जाडीच्या स्टँडवर आदळतं, त्याच क्षणी शॉकअप दबतात, गाडी दोन इंच खाली जाते, दोरी सैल पडते, आणि शॉकअप परत उघडले की दोरीला हिसका बसतो. असे शेकडो हिसके बसले की कुठलीही गाठ सरकते. मेन स्टँडचंही तेच, उलट जास्त धोक्याचं, कारण गाडीचं तोंड पुढे असताना ड्रायव्हरने कचकन ब्रेक दाबला की गाडी पुढे जाऊन स्टँडवरून उतरते, रोज आपण स्वतः उतरवतो अगदी तशीच. म्हणून शॉकअप आधीच थोडे दाबून ठेवायचे म्हणजे खड्ड्यात पट्टा सैल पडायला जागाच उरत नाही. बांधाबांधीचं सगळं शास्त्र एवढ्यावर उभं आहे.

उदाहरण म्हणून रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० धरू, कारण वजनदार गाडी जमली की हलकी जमतेच. वजन १९५ किलो, लांबी सात फुटांपेक्षा जराशी जास्त. आणि प्रवास पुण्याहून चिपळूण, म्हणजे सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट उतरून खाली. हायवे, खराब रस्ता आणि वळणावळणाचा उतार, तिन्ही मिळतात.

टेम्पो कुठला बघायचा

एकाच गाडीसाठी छोटा हत्ती पुरतो. त्याची क्षमता साधारण ७५० किलोची, त्यामुळे वजनाचा प्रश्नच नाही, प्रश्न लांबीचा असतो. हौदा साधारण सव्वासात फुटांचा आणि रुंदी पाच फुटांना थोडी कमी, म्हणजे क्लासिक काठावर बसते. मॉडेलनुसार फरक पडतो म्हणून ठरवायच्या आधी ड्रायव्हरला टेप लावून आतलं माप घ्यायला सांगा. हौद्याचा मागचा फाळका बंद झालाच पाहिजे. "फाळका उघडा ठेवून साखळीवर नेतो" असं म्हणाला तर सरळ पिकअप बघा, आठ-नऊ फुटांचा हौदा मिळतो आणि पुढे-मागे बांधायला जागाही राहते. माझं मत विचाराल तर लांबच्या प्रवासाला पिकअपच घ्यावी, थोडं भाडं जास्त गेलं तरी चालेल. परतीचं भाडं शोधणारा ड्रायव्हर मिळाला तर तेही जास्त पडत नाही.

टेम्पो आला की सगळ्यात आधी कड्या आणि हूक बघायचे. बाहेरच्या बाजूला हौद्याच्या खालच्या कडेने दोरी अडकवायचे हूक असतात, त्यातले पुढच्या दोन कोपऱ्यांजवळचे आणि मागच्या दोन कोपऱ्यांजवळचे पक्के आहेत का ते हाताने जोरात ओढून बघा. गंजून पातळ झालेला किंवा वेल्डिंग उकललेला हूक असेल तर त्याच्या शेजारचा घ्या. पत्र्याच्या पातळ कडेला, नंबर प्लेटच्या पट्टीला असलं कुठेही पट्टा अडकवायचा नाही.

काय काय लागेल

रॅचेटचे पट्टे, म्हणजे मूठ मागे-पुढे करून घट्ट होणारे, चार, आणि एक-दोन जास्तीचे. २५ मिलिमीटर रुंदीचे चालतात, ३५ चे मिळाले तर उत्तम. पट्ट्यावर शिवलेलं लेबल वाचा, निळं लेबल म्हणजे पॉलिएस्टर, तेच घ्यायचं, कारण ते ताणलं तरी फारसं लांबत नाही. नायलॉन लांबतं, म्हणून तर दोरी सकाळी टाइट आणि दुपारी ढिली होते. लेबलवर एलसी, म्हणजे पट्टा किती ओढा झेलतो ते, असं लिहून पुढे डेकान्यूटनमध्ये आकडा असतो, एक डेकान्यूटन म्हणजे जवळपास एक किलोचा ओढा. युरोपातलं माल बांधायचं प्रमाण असं की ब्रेक मारताना मालाच्या वजनाच्या ८० टक्के जोर पुढे आणि वळणावर ५० टक्के बाजूला येतो असं धरायचं. म्हणजे आपल्या १९५ किलोच्या गाडीला पुढे साधारण १५६ किलो आणि बाजूला ९८ किलो. पट्टे तिरके असतात, त्यामुळे सगळी ताकद एका दिशेने मिळत नाही, म्हणून प्रत्येक पट्टा निदान २५० डेकान्यूटनचा तरी असावा. लेबलच नसलेला स्वस्तातला पट्टा फक्त ताडपत्री बांधायला ठेवा.

त्याशिवाय मऊ फासे चार, म्हणजे दीड-दोन फुटांचे दोन्ही टोकांना गोल शिवलेले कापडी पट्टे. पोलादी हूक थेट गाडीला लावला तर रंग जातो, वायर कापली जाते, म्हणून गाडीला फासा आणि फाशाच्या दोन्ही गोलात मिळून हूक. जुन्या ट्यूबचे तुकडे, दोन-तीन गोणपाट, केबल टाय, इन्सुलेशन टेप. आणि पुढच्या चाकासाठी खाच: लाकडाच्या वखारीतून ३ बाय ४ इंचांचे दोन फूट लांबीचे दोन तुकडे आणायचे, टायरच्या रुंदीएवढं अंतर ठेवून एका फळीवर खिळ्यांनी ठोकायचे, झाली खाच. ते जमत नसेल तर कारचा जुना टायर आडवा टाकून त्यात पुढचं चाक बसवा, बरेच टेम्पोवाले हेच करतात आणि काम होतं.

गाडीची तयारी

गाडी धुऊन कोरडी करा. हे दिखाव्यासाठी नाही, धुळीवर पट्टा किंवा गोणपाट घासलं की धूळच पॉलिश पेपरचं काम करते. आरसे काढा, टॉप बॉक्स, सॅडल बॅग, मोबाईल होल्डर सगळं काढा. टाकीत पाव टाकीपेक्षा जास्त पेट्रोल नको, उन्हात फुगतं आणि हिसक्यांनी झाकणातून पाझरतं. जुनी कार्बुरेटरची गाडी असेल तर पेट्रोल कॉक बंद करायला विसरू नका, कारण हादऱ्यांनी कार्बुरेटरची सुई नाचते आणि पेट्रोल गळून काही वेळा थेट इंजिन ऑइलमध्ये उतरतं. टायरची हवा बरोबर भरा, कमी हवेच्या टायरवर गाडी डुलते.

मग चारही बाजूंनी फोटो आणि किलोमीटरचा आकडा दिसेल असा एक व्हिडिओ, ड्रायव्हरच्या समोर. आरसी, इन्शुरन्स आणि पीयूसीच्या झेरॉक्स ड्रायव्हरकडे द्या, ओरिजिनल आपल्याकडे. किल्ली मात्र द्यावी लागते, त्या किल्लीच्या जुडग्यातून घराची किल्ली काढून घ्या.

चढवताना

माणसाला दुखापत होते ती बहुतेक इथे. म्हणून घाई नको.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे उंचवटा शोधणं. रस्त्याकडेचा बांध, दुकानाचा ओटा, गोडाऊनचा धक्का, टेम्पो रिव्हर्स घेऊन त्याला लावला की हौदा आणि जमीन जवळपास एका पातळीत येते आणि गाडी ढकलत आत जाते. निम्मे कष्ट वाचतात. तसं काही नसेल तर फळी. हौद्याची उंची अडीच फूट धरली तर पाच फुटांच्या फळीला ३० अंशांचा चढ पडतो, आठ फुटांच्या फळीला १८ चा. फरक प्रचंड आहे. शिवाय आखूड फळीवर वरच्या टोकाला गाडीचं पोट नाहीतर मेन स्टँड कडेला घासून अडकतो आणि गाडी तिथेच लटकते, पाय टेकायला जमीन नाही. फळी दोन इंच जाडीची, मधोमध लाकडात गाठ नसलेली, आणि शेजारी माणसाला चालायला दुसरी फळी.

फळीचं वरचं टोक हौद्याच्या तळावर टेकलेलं हवं, लोंबत्या फाळक्यावर नाही. आणि ते टोक दोरीने टेम्पोला बांधा. चाक फळीवर चढलं की फळी मागे सरकायला बघते, ती निसटली की गाडी आणि माणूस दोघंही खाली. टेम्पो गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना उटी, म्हणजे दगड नाहीतर ठोकळा, लावलेली.

माणसं तीन. एक हँडलवर, गाडीच्या डाव्या बाजूने चालणारा, त्याचा उजवा हात पुढच्या ब्रेकपर्यंत पोचतो. एक मागून ढकलणारा, पण तो चाकाच्या सरळ रेषेत उभा नको, थोडा बाजूला. तिसरा उजवीकडे, तोल गेला तर धरायला. वजनदार गाडी असेल तर इंजिन चालू करून पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धा सोडत, शेजारून चालत चढवली तर बरं पडतं, पण हे ज्याला क्लचवर भरवसा आहे त्यानेच करावं. गाडीवर बसून रेस देत फळीवरून चढवणं मात्र अजिबात नाही, कितीही व्हिडिओ बघितले असले तरी. आणि एकदा फळीवर चाक चढलं की मध्ये थांबायचं नाही.

आता बांधणं

गाडी हौद्याच्या मधोमध, पुढचं चाक केबिनच्या भिंतीला लावलेल्या खाचेत, हँडल सरळ. हँडल लॉक करायचं नाही, लॉक लावलं की चाक वाकडं होतं आणि दोन्ही बाजूंचा ओढा सारखा राहत नाही. चाकांखाली रबरी मॅट किंवा गोणपाट, नुसता लोखंडी पत्रा घसरतो. पहिला गिअर टाका, पुढचा ब्रेक लिव्हर रबरी पट्टीने मुठीला बांधून टाका, आता गाडी मागे-पुढे होणार नाही. एकाने गाडी सरळ धरून ठेवायची, पट्टे पूर्ण बसेपर्यंत त्याने हात सोडायचा नाही.

पुढचे दोन पट्टे आधी. गाडीला ते लावायचे कुठे, तर खालच्या टीला, म्हणजे दोन्ही शॉकअप जिथे खालच्या बाजूने एकत्र पकडलेले असतात तिथे. फासा टीच्या वरून टाकून दोन्ही टोकं खाली घ्या, ब्रेकची नळी, क्लच केबल आणि हेडलाइटची वायर फाशात अडकत नाहीये हे बोट फिरवून बघा. हँडलच्या टोकांना पट्टा लावायची सवय फार आहे पण त्याने हँडल फिरतं, वाकतं, लिव्हर आणि केबल चेपतात. टीजवळ हात जाऊच शकत नाही अशी गाडी असेल तरच हँडलचा मधला क्लॅम्प, तोही नाइलाज म्हणून.

तिथून पट्टा पुढे आणि बाहेर, म्हणजे पुढच्या कोपऱ्याजवळच्या हुकाकडे, साधारण ४५ अंशांत खाली उतरला पाहिजे. हौद्याच्या बाजूच्या पत्र्याच्या कडेवरून तो जातो तिथे ट्यूबचा तुकडा घाला, नाहीतर कड सुरीसारखी पट्टा कापते.

रॅचेट चालवताना बरेच जण गडबडतात म्हणून जरा सविस्तर. पट्ट्याचं मोकळं टोक मधल्या फिरत्या दांड्याच्या फटीतून काढायचं, आधी हाताने ओढून सगळी ढील संपवायची, मगच मूठ मागे-पुढे करायची. ढील तशीच ठेवून नुसती मूठ मारत बसलात तर दांड्यावर पट्ट्याचा गठ्ठा होतो, रॅचेट जाम होतो आणि मुक्कामाला सोडताना पट्टा कापावा लागतो. दांड्यावर निदान दोन वेढे बसले पाहिजेत, तीन-चारवर थांबायचं. दोन माणसांनी डावी-उजवीकडून एकाच वेळी, एक क्लिक इकडे एक क्लिक तिकडे असं घट्ट करत जायचं. एका बाजूने आधी पूर्ण ओढलं की गाडी कलते आणि मग ती सरळ करायला दुसरीकडून दुप्पट जोर लावावा लागतो.

कितपत दाबायचं? क्लासिकच्या पुढच्या शॉकअपला १३० मिलिमीटरची चाल असते, त्यातली साधारण एक तृतीयांश, म्हणजे ४०-४५ मिलिमीटर दाबली की बास. बांधायच्या आधी मडगार्डपासून टीपर्यंतचं अंतर टेपने मोजून ठेवा आणि पट्टे ओढताना परत मोजा, अंदाजाने करू नका, रॅचेटच्या मुठीत इतका जोर असतो की कळायच्या आत शॉकअप तळाला टेकतो. तळाला टेकवून दिवसभर ठेवला की ऑइल सीलवर ताण येतो आणि खड्ड्यांचा सगळा मार थेट फ्रेमला आणि पट्ट्यांना बसतो. कमी दाबला तर पट्टे सैल होतात.

मग मागचे दोन. मागच्या फुटरेस्टचा ब्रॅकेट किंवा सीटखालची फ्रेमची नळी, तिथून मागे आणि बाहेर. सायलेन्सर, इंडिकेटर, मडगार्डच्या पट्ट्या ही बांधायची जागा नव्हे. मागच्यांना पुढच्याएवढा जोर लागत नाही, मागचं चाक उडू नये आणि बाजूला सरकू नये एवढंच त्यांचं काम. पाचवा पट्टा असेल तर मागच्या चाकाच्या रिममधून घालून दोन्ही बाजूंना अडकवा, घाटात याचा फार उपयोग होतो. फक्त डिस्क आणि एबीएसच्या सेन्सरच्या वायरीला पट्टा लागू द्यायचा नाही.

शेवटची छोटी कामं सोडू नका. प्रत्येक पट्ट्याला अर्धा पीळ द्या, सपाट पट्टा वाऱ्यात फडफडतो आणि त्या थरथरीने ढिला होतो. प्रत्येक हुकाचं तोंड केबल टायने बंद करा. रॅचेटची मूठ पूर्ण आडवी मिटली आहे का बघा, अर्धवट राहिली तर ती धक्क्याने उघडते. लोंबणारी टोकं गुंडाळून बांधा, ती चाकाखाली गेली तर संपलंच.

आता गाडीचं सीट धरून जोरात हलवा. गाडीबरोबर अख्खा टेम्पो डुलला पाहिजे. गाडी एकटी हलत असेल तर परत बघा.

उघड्या हौद्यात गाडीवर कव्हर घालू नका, दिवसभर फडफडून टाकीचा रंग खातं. पावसाळा असेल तर ताडपत्री हौद्याच्या कमानींवर टाका, गाडीवर नाही. प्लास्टिक घट्ट गुंडाळून पाठवलं तर आत पाणी कोंडतं आणि दोन दिवसांत नट-बोल्ट गंजतात.

वाटेत

निघाल्यावर पहिल्या १५-२० किलोमीटरवर थांबायचंच, आपल्या उदाहरणात कात्रजचा बोगदा ओलांडला की. नव्याने बांधलेले पट्टे पहिल्या अर्ध्या तासातच बसतात आणि एक-दोन क्लिक ढिले होतात. नंतर चहाला थांबाल तेव्हा हात लावून बघा, आणि घाट उतरायच्या आधी, म्हणजे कोयनानगरला, नक्की. उतारावर सगळा भार पुढे येतो. तुम्ही बरोबर जाणार नसाल तर ड्रायव्हरला आधीच सांगा, "दादा, कात्रजच्या पुढे आणि कोयनानगरला एकदा पट्टे बघून फोटो पाठवा", आणि चहापाण्याचे शंभर रुपये वर द्या. पाठवतात. गाडी धरायला म्हणून कुणाला मागे हौद्यात बसवू नका. १९५ किलोची गाडी पडताना कुणी धरू शकत नाही आणि पोलिसांनी अडवलं तर तो वेगळाच ताप.

घरसामानाबरोबर आयशरमध्ये जाणार असेल तर गाडी मागच्या ॲक्सलच्या पुढे, केबिनच्या बाजूला ठेवायला सांगा, ॲक्सलच्या मागचा भाग सगळ्यात जास्त उडतो. आणि एका बाजूने माणूस आत जाईल एवढी वाट ठेवायची, नाहीतर पट्टे तपासणार कसे. कपाट, गादी, फ्रिज यांच्या आधारावर गाडी टेकवून ठेवायची नाही, ती स्वतःच्या पट्ट्यांवर उभी राहिली पाहिजे, सामान सरकतंच.

स्कूटीला बांधायच्या जागा कमी, सगळीकडे प्लास्टिक. पुढे मडगार्डच्या वरचा लोखंडी फोर्क शोधा, मागे ग्रॅब रेल फ्रेमला बोल्ट केलेली असते ती. प्लास्टिकवरून पट्टा जाणार असेल तिथे गोणपाटाची जाड घडी आणि हलक्या हाताने.

उतरवताना

आधी मागचे पट्टे सोडा, मग साइड स्टँड खाली करा, एकाने हँडल घट्ट धरा आणि मगच पुढचे, दोन्हीकडून थोडे थोडे. रॅचेट सोडला की दबलेला शॉकअप एकदम वर येतो आणि गाडी उसळते, चेहरा हँडलच्या वर नको. एक बाजू पूर्ण सुटली आणि दुसरी ओढलेलीच असेल तर गाडी ओढलेल्या बाजूला पडते. खाली उतरवताना गाडीचं मागचं चाक आधी, इंजिन बंद, पहिला गिअर टाकून क्लच दाबायचा. क्लच सोडला की मागचं चाक धरतं, तोच ब्रेक. वरून हँडल धरणारा एक आणि दोन्ही बाजूंनी एकेक. पुढचा ब्रेकही हळूहळूच, उतारावर कचकन दाबला तर पुढचं चाक घसरतं.

बिल्टीवर, म्हणजे माल पोचल्याच्या वाहतूक पावतीवर, सही करायच्या आधी फोटो काढून पाठवतानाच्या फोटोंशी ताडून बघा, काही लागलं असेल तर तो शेरा बिल्टीवरच लिहा आणि ड्रायव्हरची सही घ्या. कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत रस्त्याने किंवा रेल्वेने गाडी वाहून नेताना झालेलं नुकसान साधारणपणे येतं, नुसत्या थर्ड पार्टीत येत नाही. तेव्हा पॉलिसीतलं ट्रान्झिटचं कलम गाडी पाठवायच्या आधीच वाचून ठेवा, आणि क्लेम करायचा असेल तर सर्व्हेअर बघून जाईपर्यंत दुरुस्तीला हात लावू नका. सगळं ठीक असेल तर पेट्रोल कॉक उघडा, ब्रेकची रबरी पट्टी काढा, पुढचे शॉकअप पाच-सहा वेळा दाबून सीलमधून ऑइल येत नाही ना बघा, आरसे लावा आणि पहिला किलोमीटर सावकाश चालवा.